पाय टेकतात का? नेस्कोतला एक शनिवार आणि पुढचे तीन महिने

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपल्यावर मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. लेकीचं बारावीचं फिजिक्सचं जाडजूड गाइड दोन पायांच्या मध्ये धरून वर घट्ट ओढलं आणि नवऱ्याला म्हटलं, गाइडच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लाव. त्याने लावली. 71 सेंटीमीटर. "पँट शिवायचीय का?" एवढं विचारून तो बातम्या बघायला गेला.

गिअरची मोटारसायकल घ्यायला निघालेल्या कुणीही, विशेषतः माझ्यासारख्या पाच फूट एक इंचवाल्यांनी, आधी हे माप काढावं. कंपन्या सीटची उंची मिलिमीटरमध्ये देतात. तिच्याशी ताडून बघायची ती आपली उंची नव्हे, पायांची लांबी. माझी 710. आकडा फोनमध्ये टाकला आणि झोपले. झोप लागली नाही ते सोडा.

मागची गोष्ट थोडक्यात सांगते. वय 46. एकोणीस वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवतेय, भांडुपच्या खड्ड्यांतून, पावसात, मागे लेक आणि पायाशी भाजी घेऊन. चिपळूणला बाबांकडे राजदूत होती. तिच्या टाकीवर बसून मी शाळेत गेलेय. दादा दहावीला गेला तेव्हा बाबांनी त्याला ती शिकवली. मी दहावीला गेले तोवर ती विकून झाली होती. दोष कुणाचाच नाही, पण मनात राहिलं ते राहिलं. गेल्या वर्षी माझ्या स्कूटरचं इंजिनकाम निघालं. मेकॅनिक म्हणाला, ताई, हिच्यात पैसे घालण्यापेक्षा नवीन बघा. त्यावर मी घरी येऊन जे बोलले त्याला सगळे दोन दिवस हसत होते.

न हसलेला एकटा म्हणजे भाचा. बावीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, आणि कुठल्या गाडीला किती सीसी नि किती पॉवर हे त्याला अभ्यासापेक्षा जास्त पाठ. त्यानेच सांगितलं, मावशी, गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन केंद्रात बाईकचं प्रदर्शन आहे, तिथे चल. शोरूममध्ये एकाच कंपनीच्या गाड्या, आणि पाच मिनिटांत मोबाइल नंबर लिहून घेतात, मग सहा महिने फोन. प्रदर्शनात एका छपराखाली सगळ्यांवर बसून बघता येतं.

13 डिसेंबर, शनिवार. भांडुपहून जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने) नेस्को जवळ, पण त्या रस्त्यावर मेट्रो 6 चं काम चाललं होतं, म्हणून ट्रेननेच गेलो. दादरला बदलून राम मंदिर स्टेशन, तिथून रिक्षा. मेट्रो 7 वर असाल तर गोरेगाव पूर्व स्टेशन सोयीचं. तिकिटं ऑनलाइन काढली होती, माणशी चारशे. दारं अकराला उघडायची होती, आम्ही पावणेअकराला रांगेत. दिवसभरात मी बरोबर केलेली ही पहिली गोष्ट. साडेबारापर्यंत गाड्यांजवळ निवांत जाता आलं. एकच्या पुढे प्रत्येक गाडीवर कुणीतरी फोटोसाठी बसलेलं आणि त्याच्या मागे चौघं नंबर लावून.

दुसरी बरोबर गोष्ट म्हणजे बूट. ऑफिसचे रोजचे सपाट बूट घालून गेले. जाड तळव्याचे घातले तर प्रदर्शनात सगळ्याच गाड्या आपल्या मापाच्या वाटतात.

सुरुवात रॉयल एनफिल्डच्या मिटिओर 350 पासून केली, कारण सीट 765 मिलिमीटर, कागदावर माझ्या सर्वांत जवळची. बसले. दोन्ही टाचा टेकल्यात जमा. इतकं सोपं? खूश होऊन उतरणार तेवढ्यात भाचा म्हणाला, "मावशी, खाली बघ." गाडीचं पुढचं चाक लोखंडी पकडीत बसवलेलं होतं. गाडी सरळ उभी, जागची हलत नव्हती, तिचा भार माझ्या पायांवर आलाच नव्हता. 191 किलोची मोटारसायकल मी सोफ्यासारखी वापरत होते.

मग मी सगळीकडे चाकाखाली बघायला लागले. काही गाड्या पकडीत, काही चौथऱ्यावर. एका ठिकाणी चाकं उघड्या फळीवर होती आणि शेजारी पाय टेकायच्या जागी गालिच्याखाली आणखी एक फळी, म्हणजे जमीनच बोटभर वर आलेली. मुद्दाम केलं असेल असं नाही, पण माझ्यासारखीला बोटभर म्हणजे खूप होतं. बऱ्याच गाड्यांचे मीटर लागत नव्हते, सुरू करून बघायचा तर प्रश्नच नाही. प्रदर्शनातली गाडी नवरीसारखी सजलेली असते आणि तेवढीच गप्प.

त्यामुळे मी प्रत्येक स्टॉलवर एकच विनंती केली: पकडीतून काढून साइड स्टँडवर देता का? सकाळी गर्दी कमी होती, पाचांतल्या तिघांनी दिली. गंमत म्हणजे प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर भाच्याला मिळायचं. "सर, पिकअप बघा ना हिचा." एका मुलाने तर अगदी मनापासून सांगितलं, "मॅडमसाठी स्कूटर त्या बाजूला आहेत." भाचा म्हणाला, "गाडी मॅडमच घेणारेत, मी फक्त बॅग धरायला आलोय." त्यानंतर त्या मुलाने जितक्या मनापासून गाडी दाखवली तितकी दिवसभरात कुणी दाखवली नाही. नंबरही घेतला नाही. त्याला माझे आशीर्वाद.

साइड स्टँडवरची गाडी मिळाली की काय करायचं, ते माझं तिसऱ्या स्टॉलपर्यंत ठरून गेलं होतं. हँडल दोन्ही हातांनी धरून गाडी सरळ करायची, तिथेच वजन कळतं. मग बसायचं, दोन्ही पाय खाली, नि बसल्या बसल्या दोन पावलं मागे चालायचं. पुढे ढकलणं सोपं असतं, खरी परीक्षा मागे येताना होते. भाचा मायलेज नि टॉर्कचे आकडे वाचत होता आणि मी मागे मागे चालत होते. लोक बघत होते. बघू देत.

कारण मला दिसत होतं ते भांडुप स्टेशनबाहेरचं पार्किंग. मुंबईत मोटारसायकल चालवायची कमी आणि हलवायची जास्त असते. दोन स्कूटरच्या मधून मागे ओढायची, सोसायटीच्या उतारावर वॉचमनच्या खुर्चीला धक्का न लावता वळवायची, एलबीएस रोडवर रिक्षा आणि बेस्टच्या बसच्या मध्ये एका पायावर तोलून धरायची. ताशी शंभरला ती कशी पळते हे मला कधी कळणारसुद्धा नाही.

हंटर 350 ची सीट 790, म्हणजे मिटिओरपेक्षा 25 मिलिमीटर वर. तरी चवडे चांगले टेकले, कारण सीट पुढच्या बाजूला निमुळती आहे आणि मांड्या फाकत नाहीत. नुसता उंचीचा आकडा वाचून ही गाडी मी यादीतून काढणार होते. पण 181 किलो मागे ढकलताना कमरेतून बारीक कळ आली. हिमालयन 450 वर मी बसले नाही, चढले. सीट 825, वजन 196. वरून प्रदर्शन छान दिसलं. बजाजची सीएनजीवर चालणारी फ्रीडम 125 बघायची फार उत्सुकता होती. जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल, 2024 च्या जुलैमध्ये पुण्यात आली, सीटखाली दोन किलो सीएनजीची टाकी आणि जोडीला दोन लिटर पेट्रोल. वजन 149 किलो म्हटल्यावर हीच घ्यायची असं मनात ठरलंही, पण सीट 825. एका पायाचा अंगठा टेकतोय आणि दुसरा अधांतरी, अशी एलबीएसवर मी कुठे उभी राहणार? जावाच्या 42 बॉबरची सीट 740, पाय गुडघ्यात वाकवून टेकले! पण तिला एकच सीट. लेकीला क्लासला काय हँडलवर बसवून नेऊ?

शेवटून दुसऱ्या स्टॉलवर टीव्हीएसची रोनिन होती. 225.9 सीसी, सीट 795. कागदावर मिटिओरपेक्षा तब्बल तीन सेंटीमीटर उंच, म्हणून मी तिच्याकडे जाणारच नव्हते, भाच्याने ओढून नेलं. वजन साधारण 160 किलो. स्टँडवरून सरळ केली आणि पहिल्यांदाच हातांना वाटलं की हे आपल्याला झेपतंय. चवडे टेकतात, टाचा नाही. मागे पाच पावलं चालले. मग पुढे. मग पुन्हा मागे. "मावशी, पुरे," भाचा म्हणाला.

पैशांचं एक इथेच सांगते. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यावरच्या गाड्यांना 40 टक्के लागू झाला. त्यामुळे त्या दिवशी प्रत्येक स्टॉलवर साडेतीनशेची ही रेघ स्पष्ट दिसत होती. ट्रायम्फची स्पीड 400, जी चाकणलाच बनते, तिची सीट मला हंटरइतकीच बरी वाटली, पण 398 सीसी म्हणजे रेघेच्या पलीकडे. शिवाय महाराष्ट्रात दुचाकीचा रोड टॅक्स 99 ते 299 सीसीला 11 टक्के आणि त्यावर 12 टक्के. आमच्यासारख्यांनी सीसी वाचायचे ते पॉवरसाठी नव्हे, टॅक्ससाठी.

मागच्या मोकळ्या जागेत टेस्ट राइड होती. हेल्मेट तिथेच देत होते, बूट आपले, लायसन दाखवायचं. मी रांगेत पंचवीस मिनिटं उभी. काउंटरवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट बघितलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचं एमसीडब्ल्यूओजी आहे."

"म्हणजे?"

"विदाउट गिअर."

एकोणीस वर्षं ते कार्ड पर्समध्ये होतं. त्यावरची अक्षरं मी एकदाही वाचली नव्हती. गिअरची गाडी चालवायला एमसीडब्ल्यूजी हा वर्ग लागतो. त्या मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. भाच्याने रोनिनची चक्कर मारली, मी बॅग धरून उभी राहिले. परतताना राम मंदिरच्या बाकावर बसून मी म्हटलंसुद्धा, जाऊ दे रे, पुन्हा स्कूटरच घेते. तो म्हणाला, "मी दहावीला तुझ्याकडे राहिलो होतो तेव्हा मला गणित सोडू दिलं होतंस?" गणिताचा नि याचा काय संबंध, पण लोकल आली आणि विषय तिथेच राहिला.

22 डिसेंबरला सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, अर्ज भरला. इथे एक खबरदारी घ्या: हातात एक लायसन असेल तर नव्याने अर्ज भरायचा नाही, जुना लायसन नंबर टाकून वाहनाचा वर्ग वाढवायचा. आधी शिकाऊ, मग पक्कं. चाळिशी ओलांडलेली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, फॉर्म 1ए. आमच्या डॉक्टरांनी रंग ओळखायला लावले, ब्लडप्रेशर बघितलं आणि ते पोर्टलवर चढवून दिलं, दोनशे रुपये. शिकाऊ लायसन 24 तारखेला हातात. पक्क्याच्या परीक्षेला त्यानंतर 30 दिवस थांबावं लागतं आणि शिकाऊची मुदत सहा महिने. गाडीला पुढे आणि मागे लाल एल लावायचा आणि मागच्या सीटवर शिकवणारा लायसनवाला सोडून कुणाला बसवायचं नाही.

शिकवणारा भाचा, गाडी त्याची जुनी पल्सर 150, जागा एका औद्योगिक वसाहतीतला रस्ता, जो रविवारी सकाळी साडेसहाला रिकामा असतो. स्कूटर येते म्हणजे अर्धं काम झालं, असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात तीच आडवी आली. स्कूटरला डाव्या हाताला मागचा ब्रेक असतो. मोटारसायकलला तिथे क्लच. एकोणीस वर्षांच्या सवयीने मी थांबायला डावा हात आवळला आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी होऊन निवांत सरकत गेली, थेट केळीवाल्याच्या हातगाडीपर्यंत. लागलं कुणाला नाही. दोन डझन केळी घेतली. त्यानंतरचे दोन रविवार मी वेग घेतलाच नाही, फक्त थांबायला शिकले: उजवा हात, उजवा पाय, शेवटी क्लच. तिसऱ्या रविवारपासून हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवणं. मनगट इतकं दुखायचं की सोमवारी डबा उघडायला शेजारच्या टेबलवरची मैत्रीण लागायची.

3 फेब्रुवारी, परीक्षा. साडेनऊची वेळ, माझा नंबर आला बारा वाजून दहा मिनिटांनी. पाणी, टोपी आणि मूळ कागद जवळ ठेवा; झेरॉक्स काढायला गेलात तर नंबर जातो. रांगेत मी सोडून सगळे विशीतले, एकाने मला "काकू, तुमचा मुलगा आत आहे का?" असं विचारलं. आठाच्या दुसऱ्या वळणावर माझा डावा पाय टेकला. नापास. साहेब चांगल्या शब्दांत म्हणाले, "ताई, नजर चाकावर नका ठेवू, पुढच्या वळणावर ठेवा." नापास झाल्यावर पुन्हा परीक्षा द्यायला सात दिवस जावे लागतात, नवा स्लॉट, नवी फी. मला 13 तारीख मिळाली. दहा दिवस मी स्वयंपाकघरातसुद्धा नजर पुढच्या वळणावर ठेवून वावरले. 13 ला पाय टेकला नाही. पुनर्परीक्षा धरून एकूण सरकारी फी साधारण पंधराशे रुपये. कार्ड बारा दिवसांनी पोस्टाने आलं. तोवर डिजिलॉकरमधलं चालतं.

मग शोरूम, आणि आता रोनिनची खरी टेस्ट राइड. ती मुद्दाम संध्याकाळी सहाला, एलबीएसवर, ऐन गर्दीत मागितली. वीस मिनिटांत एकदा बंद पडली, माझ्याच चुकीने.

पहिल्या शोरूमच्या कोटेशनवर "हँडलिंग", "अॅक्सेसरी पॅकेज" आणि "कोटिंग" मिळून साडेनऊ हजार जास्त लावले होते. दुसरीकडे गेले तर तेच अडीच हजारांत बसलं, आणि ते अडीच हजारही मला हव्या असलेल्या लेगगार्ड नि सीट कव्हरचे. कोटेशन नेहमी फोडून लेखी घ्या. एक्स-शोरूम, त्यावर टॅक्स, मग विमा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा सक्तीचा आहे, माझ्या कोटेशनवर तो 7,365 रुपये अधिक जीएसटी असा होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो आणि तो बाहेरून घेतला तर स्वस्त पडू शकतो. मला पडला. हेल्मेट मात्र दोन घ्या, आयएसआय मार्कची, कारण मुंबईत मागे बसणाऱ्यालाही सक्ती आहे. मागे बसणाऱ्याने, म्हणजे नवऱ्याने, आधी स्वतःच्या डोक्याचं माप घेऊ दिलं नाही. फिजिक्सच्या गाइडचा राग असावा.

गुढीपाडव्याला गाडी हवी असेल तर निदान पंधरा दिवस आधी पूर्ण पैसे भरा. सगळ्या मुंबईला तोच मुहूर्त हवा असतो आणि पासिंग अडकतं. नवीन गाडी आता आरटीओत न्यावी लागत नाही, कागद शोरूमच पाठवतं, पण नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, कितीही आग्रह केला तरी. माझी प्लेट आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता लागली. तोवर मी शोरूमच्या बाकावर बसून तीन कप चहा प्यायले.

पाडव्याला बाबा चिपळूणहून आले होते. वय 76. गाडीला हार घातला, नारळ फोडला, पेढे झाले. ते काही न बोलता गाडीभोवती फिरले, उजव्या बाजूला वाकून बघितलं, मग डाव्या.

"किक कुठाय?"

"किक नाही बाबा हिला. बटन आहे."

"आणि बंद पडली तर?"

"ढकलत न्यायची."

"तू?"

"म्हणून तर ही घेतली."

त्यांनी गेटपासून आत पार्किंगपर्यंतचा उतार बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि वॉचमनची खुर्ची उचलून स्वतःच बाजूला ठेवली. "दाखव," म्हणाले.